बॅटरी नवी टाकली, तरी गाडी सेल्फ घेईना? आधी तीन आकडे मोजा



आजचा संदेश पिकाचा नाही, मोटरसायकलचा आहे. डेअरीला दूध, दुकानातून खत, रात्री लाईट आली की मोटर चालू करायला मळ्यात, सगळं त्याच गाडीवर चालतं. गाडी सेल्फ घेत नाही म्हणून नवी बॅटरी टाकली आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच, असं बऱ्याच जणांचं होतं. अशा वेळी दोष पुष्कळदा चार्जिंगमध्ये किंवा वायरिंगमध्ये असतो. तो तसाच राहिला तर नवी बॅटरीही वाया जाते. म्हणून पैसे देण्याआधी आणि नवी बसवल्यावर, दोन्ही वेळा मोजून बघा.

*मोजायचं कसं?*
साधा मल्टीमीटर गावातल्या वायरमनकडे असतोच. काटा डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक प्लसला, काळं मायनसला.

१) *गाडी रात्रभर बंद असताना:* १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२ च्या खाली म्हणजे पार उतरलेली.
२) *सेल्फ मारताना:* आकडा खाली येणारच. पण साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे किंवा जोड ढिले आहेत.
३) *गाडी चालू, थोडी रेस देऊन:* साधारण १३.५ ते १४.५ हवा.

तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो १३ च्या खाली असेल तर बॅटरी भरतच नाही. मग नवी घेऊन उपयोग नाही, आधी चार्जिंग दुरुस्त करा. तो १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर खराब आहे. बॅटरी तापते, बल्ब उडतात. तिसरा आकडा बरोबर आहे, बॅटरी बाहेर पूर्ण चार्ज केली, तरी दुसऱ्या दिवशी पहिला आकडा घसरतो, तर मात्र बॅटरीच संपली. बदला.

*नवी घेताना*
व्होल्ट, एएच आणि आकार जुन्याइतकाच घ्या. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना १२ व्होल्टची ३ ते ५ एएच बॅटरी असते. प्लसचं टोक कोणत्या बाजूला आहे तेही जुन्याशी जुळवा. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का दुकानातच मारून घ्या.

फवारणी पंपाची बॅटरी गाडीला लावू नका. ती हळूहळू करंट द्यायला बनवलेली असते, सेल्फचा झटका तिला झेपत नाही. पंपाच्या चार्जरवर गाडीची बॅटरीही रात्रभर लावू नका. ४ एएचच्या बॅटरीला ०.४ अँपिअरचा सावकाश चार्ज पुरतो, त्या चार्जरचा करंट बहुतेक वेळा याच्या दुप्पट-तिप्पट असतो.

*बसवताना*
चावी बंद करा. काढताना आधी मायनस, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. हा क्रम पाळला तर पाना चुकून चेसीला लागला तरी ठिणगी उडत नाही. टोकं उलटी लागली तर फ्यूज जातोच, कधी रेग्युलेटरही जातो. आणि चालू गाडीची बॅटरी कधीच काढू नका. बीएस-६ च्या (एप्रिल २०२० नंतरच्या) बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असतं, त्याचा महागडा कंट्रोल युनिट त्या झटक्याने उडू शकतो.

*बसवल्यावर अडचण आली तर*

▪️ *काहीच लागत नाही:* आधी टर्मिनलचे स्क्रू घट्ट आहेत का बघा. मग बॅटरीजवळचा मेन फ्यूज. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. तिथे तार गुंडाळू नका, पुढचं वायरिंग जळेल. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. सीटखाली आणि हँडलच्या मानेजवळ वायर घासली आहे का, उंदराने कुरतडली आहे का ते बघा.

▪️ *सेल्फ दाबला की नुसता कट-कट आवाज:* चेसीला जोडलेली अर्थची वायर सोडवा, गंज पॉलिश पेपरने घासा, परत घट्ट बसवा. आपल्या गाडीवर खताच्या गोण्या येतात. खताची पूड ओल धरते आणि टर्मिनल, जोड लवकर गंजतात. पांढरी बुरशी दिसली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, वरून पेट्रोलियम जेली लावा.

▪️ *दोन-चार दिवसांनी उतरते:* तिसरा आकडा पुन्हा मोजा. कमी असेल तर रेग्युलेटरचा कपलर उघडा. आत काळं-हिरवं झालं असेल तर तिथेच साफ करून सुटका होऊ शकते. नाही झालं तर मिस्त्रीकडे न्या. आकडा बरोबर असेल आणि तुमची रोजची फेरी घर ते मळा एक किलोमीटरचीच असेल, तर सेल्फला गेलेला करंट तेवढ्यात भरून येत नाही. गाडीला किक असेल तर सकाळी किकने सुरू करा.

▪️ *उभी गाडी रात्रीत उतरते:* कुठेतरी करंट गळतोय. चावी बंद करा, मायनस सोडा, मीटर १० अँपिअरवर लावून वायर आणि मायनस यांच्यामध्ये धरा. तेव्हा चावी लावू नका, सेल्फ दाबू नका. आकडा शून्याजवळ हवा. ०.०५ दिसला तरी हिशोब बघा: ०.०५ × २४ तास = दिवसाला १.२ एएच. गळक्या ठिबकसारखंच, ४ एएचची बॅटरी तीन-चार दिवसांत रिकामी. मागून थेट बॅटरीवर जोडलेला मोबाईल चार्जर, जादा एलईडी, मोठा हॉर्न एकेक सोडवत जा. जो सोडल्यावर आकडा पडतो, तोच चोर.

*जुनी बॅटरी*
बांधावर, विहिरीजवळ टाकू नका, फोडून ॲसिड ओतू नका. आत शिसं असतं आणि एकदा मातीत गेलेलं शिसं वर्षानुवर्षं तिथेच राहतं. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, बिलात तिची किंमत वजा करून घ्या.

मिस्त्रीकडे जाताना तिन्ही आकडे कागदावर लिहून न्या. नुसतं “बॅटरी गेली” म्हणण्यापेक्षा “चालू गाडीला साडेबाराच व्होल्ट येतो” असं सांगितलं, की काम योग्य जागी सुरू होतं.

शंका असेल तर मीटरचा फोटो याच नंबरवर पाठवा.

— कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी