पाण्याचा विसावा

नाशिक हे गोदावरीच्या तीरावर वसलेले प्राचीन क्षेत्र होय. येथे रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दोन मुखांच्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. लोक तिला दुतोंड्या मारुती म्हणतात. नदीला पूर आला म्हणजे नाशिककर एकमेकांस विचारतात, "पाणी मारुतीच्या कमरेला लागले की गळ्याला?" अशा रीतीने ही मूर्ती पुराची मोजपट्टीच झाली आहे. २००८, २०१६ आणि २०१९ या सालांचे पूर नाशिककर विसरलेले नाहीत.

शहराच्या वरच्या अंगाला गोदावरीवर गंगापूरचे मातीचे धरण आहे. मग शहराला पाण्याचे भय का असावे? धरण आपल्या वरचे पाणी अडवते; परंतु त्याच्या खाली, खुद्द शहरावर पडणारा पाऊस ते कसा अडवणार? तो पाऊस नाल्यांवाटे गोदावरीकडे धावतो. सरस्वती नाल्याला पाणी मावेनासे झाले, की ते सराफ बाजारात शिरते आणि दुकानदारांची तारांबळ उडते.

पूर्वी मळ्यांत व मोकळ्या जमिनीत पुष्कळ पाणी मुरत असे. आता तेथे घरे व पक्के रस्ते झाले आहेत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी जमते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी झाले! अशा शंभर गच्च्यांचे पाणी पाच लक्ष लिटर भरते. ते सारे एकाच वेळी आले, तर नाल्याने करावे तरी काय?

अशा पाण्याला वाटेत विसावा द्यावा लागतो. त्यासाठी वस्तीच्या सखल जागी तळे खोदतात. पाणी आत येण्याची वाट रुंद आणि बाहेर जाण्याची वाट मुद्दाम अरुंद ठेवतात. त्यामुळे पाणी वेगाने येते, पण सावकाश जाते. गाळ तळाशी बसतो, थोडे पाणी जमिनीत मुरते. जास्तीच्या पाण्यासाठी सांडवा असतो. मात्र बाहेरची वाट कचऱ्याने तुंबली, तर तळे भरलेलेच राहते. मग पुढच्या पावसाला जागा कोठून मिळणार?

मुंबईतील धोबी तलाव आणि गोवालिया तलाव बुजले. केवळ नावे उरली. त्याच मुंबईत हिंदमाता परिसरात साचणारे पाणी साठवण्यासाठी २०२१ साली मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधण्याचे काम महानगरपालिकेला हाती घ्यावे लागले.

पाण्याला जागा हवीच असते. माणसाने ती दिली नाही, तर पाणी ती स्वतः शोधते. मग ती कोणाच्या दुकानात असते, तर कोणाच्या घरात.

स्वाध्याय
१. धरण असूनही शहरात पाणी का साचते?
२. तळ्यातून पाणी बाहेर जाण्याची वाट अरुंद का ठेवतात?
३. आपल्या शाळेच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर किती लिटर पाणी जमेल? छपराची लांबी-रुंदी मोजून हिशेब करा.