मूळ रिपोर्ट हातात घ्या

आमच्या दोघांच्याही घरात कुणाला आनुवंशिक आजार नाही. माझा एकदाही गर्भपात झाला नव्हता, वय ३१. तरी हैदराबादच्या ज्या मोठ्या केंद्रात आम्ही टेस्ट ट्यूब बेबीसाठी गेलो, तिथल्या समुपदेशक बाईंनी गर्भांची जनुकीय तपासणी, म्हणजे पीजीटी, सक्तीचीच असल्यासारखी गळ्यात मारली. "उदगीरहून एवढ्या लांब येता, मग खात्रीचंच बघा ना." दर गर्भामागं पैसे, पेशी काढायचे वेगळे, गोठवायचे वेगळे. सोयाबीन अजून रानातच होतं, म्हणून यांनी मोंढ्यात आडत्याकडून उचल घेतली.

निकाल व्हॉट्सॲपवर आला: एक चांगला, बाकीचे 'योग्य नाहीत'. तो एक ट्रान्सफर केला, राहिला नाही. बाकीचे तोवर टाकूनही दिले होते.

पुढं मुंबईत एका जनुकतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पहिलंच विचारलं, "लॅबचा मूळ रिपोर्ट कुठंय?" तो आम्हाला कुणी दिलाच नव्हता. भांडून मागवला. डॉक्टरांनी बोट ठेवलं तिथं दोन गर्भांपुढं लिहिलेलं, 'मोझाइक, कमी प्रमाण'. म्हणजे तपासलेल्या पेशींतल्या थोड्या सदोष, बाकी ठीक. आणि या पेशी घेतात बाहेरच्या थरातून, ज्याची पुढं वार होते, त्याही पाच-दहाच. बाळ ज्यातून घडतं त्या आतल्या पुंजक्याची तपासणी होतच नाही. इटलीत असे मोझाइक गर्भ १८ बायकांमध्ये सोडले, त्यांतल्या सहा जणींना निरोगी बाळं झाली, हे २०१५ सालीच छापून आलंय. ऐकून मला खुर्चीतून उठवेना.

केंद्रात फोन केला तर त्याच बाई म्हणाल्या, "सांगितलं असतं तरी तुम्ही तेच केलं असतं, मॅडम." हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. काय केलं असतं ते आम्ही दोघांनी ठरवलं असतं! सह्या घेतलेल्या कागदांत मोझाइकचा उल्लेखसुद्धा नाही. मी पान न् पान वाचलं होतं, झेरॉक्स माझ्याकडं आहे.

म्हणून सांगते. घरात थॅलेसेमियासारखा आजार असेल, दोघंही वाहक निघाले असतील, तर ही तपासणी जरूर करा. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्नं होतात, तिथं तर आधी दोघांचं रक्त तपासून घ्या. पण नुसतं "यश वाढतं" म्हणून कुणी मागं लागलं, तर २०२१ सालचा चीनमधला अभ्यास पुढं ठेवा. वय ३७ पर्यंत, किमान तीन चांगले गर्भ मिळालेल्या १२१२ बायका. तपासणी केलेल्यांत ७७.२ टक्के जणींना मूल झालं, न केलेल्यांत ८१.८.

पेशी काढण्याआधी लेखी घ्या, मोझाइक निघाले तर काय करणार. आमच्या सहीशिवाय एकही गर्भ टाकायचा नाही, हेही त्यातच लिहून घ्या. २०२१ च्या एआरटी कायद्यानं गर्भ दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, मग टाकायची एवढी घाई कुणाला? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, तब्येत सांभाळा, मन खंबीर ठेवा. आणि पाहुण्यांपैकी कुणी "मग पोरगा का पोरगी तेही कळत असंल की" म्हणालं, तर तिथंच गप्प करा. तो गुन्हा आहे. आमच्याकडं विषय निघाला तेव्हा यांनीच खडसावलं.

ते दोन गर्भ कुणाच्या सहीनं टाकले, असं विचारणारं रजिस्टर पत्र मी केंद्राला पाठवलंय. उत्तर नाही. आता तक्रार तेलंगणातल्या समुचित प्राधिकरणाकडं देणार आहे, झेरॉक्ससकट.