पिवळी पाटी पुरेशी नाही

‘हौस केलीत, आता भोगा,’ असं आमच्याच नात्यातल्या दोघातिघांनी तोंडावर म्हटलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. आत्तींचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, दोन्ही गुडघे गेलेले. खाली बसून संडास जमत नाही, आणि कोकणात प्रत्येक मुक्कामी कमोड मिळेलच असं नाही. घरच चाकांवर नेलं तर त्यांनाही समुद्र बघता येईल, या विचारानं आम्ही कॅराव्हॅन भाड्यानं घेतली. याला कुणी हौस म्हणणार असेल तर म्हणो.

‘नीट चौकशी नको का करायला?’ हा दुसरा टोमणा. केली होती. गाडीची पाटी पिवळी, आकडे काळे, म्हणजे व्यवसायाची गाडी. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी भाड्यानं देता येत नाही, हे आमच्या ह्यांना पक्कं ठाऊक होतं. गाडीवाल्याकडं विम्याचा कागद मागितला, आला, मुदत चालू होती. आरसी मागितली, तिचाही फोटो आला, फक्त पुढच्या बाजूचा. मागची बाजू मागितल्यावर ‘कार्ड गाडीतच ठेवलंय वहिनी, निर्धास्त जावा’ असं उत्तर मिळालं. अनामत रक्कम मात्र त्यानं त्याच संध्याकाळी मागून घेतली.

२०२४ च्या दिवाळीनंतर निघालो. आजऱ्यावरून आंबोली उतरून वेंगुर्ला, मालवण, मग खाली गोकर्णापर्यंत. मुलांची शाळा बुडाली याचं मला काही वाटत नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरावर त्यांनी जे बघितलं ते पुस्तकात नव्हतं. आत्ती रोज सकाळी गाडीच्या दारात बसून चहा घ्यायच्या. ते दिवस खरंच चांगले गेले, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

परतताना तळेऱ्याहून करूळ घाट चढून गगनबावड्याला यायचा सरळ रस्ता बंद होता. काँक्रिटीकरणासाठी तो जानेवारी २०२४ पासून बंद होता आणि पुढे वर्षभर बंदच राहिला. हलक्या गाड्या भुईबावडा घाटानं जात होत्या, तसे आम्हीही निघालो. घाट अरुंद. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे, पण समोरून येणाऱ्या एकानंही तो पाळला नाही. टपावर पाण्याची टाकी, मागं जनरेटर, दर वळणाला गाडी डुलत होती. वर आलो आणि दोन्ही घाट जिथं फुटतात त्या गगनबावड्याच्या तिठ्यावर पोलिसानं हात केला. ‘पाव्हणं, गाडी जरा कडंला घ्या.’

बोलायला सभ्य माणूस. ह्यांनी कार्ड दिलं. त्यानं ते उलटं करून बघितलं, मग आमच्याकडं बघितलं. ‘ही तर मालवाहतुकीची गाडी हाय. शिटा दोन. तुम्ही आत किती जण हाय?’

आम्ही पाच जण होतो. मला आधी वाटलं, त्याचीच काहीतरी गफलत झाली. मी कार्ड हातात घेतलं. मागच्या बाजूला वाहनाचा वर्ग ‘गुड्स कॅरिअर’, बॉडी डिलिव्हरी व्हॅनची, आसनं दोन. ज्यात माझी मुलं झोपत होती तो बिछाना, ज्यावर आत्ती बसत होत्या तो कमोड, ओटा, खिडक्या, यांतलं काहीही त्या कागदावर नव्हतं. सरकारदरबारी आम्ही खोकी होतो.

ह्यांनी तिथंच गाडीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. काय झालं ते सांगितलं. पलीकडून जराही न अडखळता उत्तर आलं, ‘काय न्हाई हो, मावसभावाची गाडी हाय म्हणून सांगा. सगळे तसंच सांगतात.’

सगळे तसंच सांगतात! म्हणजे त्याला माहीत होतं. आमच्याआधी किती कुटुंबं या गाडीत झोपली असतील, आणि त्या प्रत्येकाला त्यानं हेच खोटं तोंडात घालून पाठवलं असेल. पोलीस शेजारीच उभा राहून ऐकत होता. त्यानं नुसती मान हलवली. पुन्हा फोन लावला तर बंद. संध्याकाळपर्यंत बंद.

गगनबावड्याचं धुकं ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आत्तींना चहाच्या टपरीच्या बाकावर शालीत गुंडाळून बसवलं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘आपुन काय चोरी केलीया व्हय?’ मला उत्तर सुचलं नाही. दंड आम्ही भरला. गाडी पुढं न्यायची नाही असं ठरलं. सामान उतरवलं, वडाप ठरवलं आणि रात्री कोल्हापूर गाठलं. नंतर फोन लागला तेव्हा तो म्हणतो, गाडी तुमच्यामुळं अडकली, माझं नुकसान झालं, अनामत मिळणार नाही. ज्यानं खरा कागद लपवला, तोच आमच्याकडून भरपाई घेणार!

पैशापेक्षा मला दुसरीच गोष्ट झोपू देत नाही. मालवाहू गाडीत बसलेल्या माणसांना त्या गाडीचा विमा सहसा लागू होत नाही. त्यातून गाडीत नोंद न केलेले बदल असले की विमा कंपनीला हात वर करायला आणखी एक कारण. कंपनीनं बनवलेल्या मूळ रचनेत मोठे फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्येच स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे आंबोलीच्या उतारावर ब्रेकमधून जळका वास आला आणि आम्ही कडेला थांबलो, त्या घडीला आमच्यामागं कुणीही नव्हतं.

तुम्हीही कॅराव्हॅननं जाणार असाल तर आरसीची मागची बाजू बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. वर्ग, बॉडी आणि आसनं या तीन नोंदी वाचा. कार्ड दाखवत नसेल तर गाडीचा नंबर घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. वर्ग, विमा आणि फिटनेसची मुदत तिथं दिसते. कॅम्पर व्हॅन असा वेगळा वर्ग आपल्या कायद्यात आहे. तो नोंदलेला असेल तरच पुढं बोला. पिवळी पाटी म्हणजे व्यवसायाची गाडी एवढंच. ती माल नेते की माणसं, हे पाटी सांगत नाही. आणि भाड्यानं घेऊन स्वतः चालवायच्या गाडीची पाटी काळी असते, आकडे पिवळे. हे आम्हाला तिठ्यावर कळलं.

घाटाबद्दल. टपावर दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन डोक्यावर. घाटाआधी टाकी रिकामी करा, पलीकडं गेल्यावर भरा. उतरताना दुसरा गिअर, आणि ब्रेकवर पाय दाबून धरू नका. वास आला तर थांबा, चाकं आपली आपण निवू द्या, तापलेल्या चाकावर पाणी मारू नका.

जनरेटर चालू ठेवून झोपू नका. आमच्या गाडीवाल्यानं ‘एसी लावून खुशाल झोपा’ असं सांगितलं होतं. आत्तींना एसी सोसत नाही म्हणून आम्ही तो लावला नाही. २०२४ च्याच डिसेंबरात उत्तर केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्याला ना रंग, ना वास. ती बातमी वाचली त्या दिवशी मी जेवले नाही. हा वायू ओळखणारा गजर बाजारात मिळतो. गाडीत नसेल तर स्वतःचा न्या.

मुक्कामाच्या जागा आधी ठरवा. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची तरतूद आहे. आमच्या वाटेवर आम्हाला एकही दिसला नाही. पेट्रोल पंप आणि देवळांची आवारं यांवरच भागवलं. संडासाची टाकी उघड्यावर, ओढ्यात ओतू नका. लॉजवाल्याला विनंती करा, थोडे पैसे द्या, त्याच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी करा. बाकी औषधं, बॅटरी, जादा चावी वगैरे सगळ्यांना माहीतच असतं.

पैसे देताना रोख देऊ नका, आणि ‘कॅराव्हॅनचं भाडं’ असे शब्द पावतीवर किंवा संदेशात येतील असं बघा. आमच्याकडं ते आहेत, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता आलं. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लागतोच असंही नाही. १९१५ या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली, ती गाडीवाल्यानं घेतली नाही, परत आलेला लिफाफा न फोडता तसाच जोडला आहे.

अनामतीएवढीच रक्कम मागितली आहे, मनस्तापाचे वेगळे पैसे नाहीत. ह्यांना ते पटलं नाही. पण अर्जाच्या पहिल्याच पानावर, तारखेसह, मी त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून दिलं आहे, ‘मावसभावाची गाडी हाय म्हणून सांगा.’ त्याला आता ते आयोगापुढं नाकारावं तरी लागेल, नाहीतर कबूल तरी करावं लागेल.