परतीची वेळ सकाळीच ठरव

सातारा

चि. सायली,

वासोटा गड आणि नागेश्वरच्या ट्रेकचा तुमचा बेत ठरल्याचं तुझ्या आईनं सांगितलं. बरोबरच्या मुलामुलींपैकी निम्म्यांनी अजून एकही डोंगर चढलेला नाही आणि सगळी जबाबदारी तू घेतली आहेस, हेही कळलं. म्हणून हे पत्र.

सांगलीहून रात्रीच निघा. साताऱ्यात थांबून पहाटे कासमार्गे बामणोली गाठा. तिथे वनखात्याची परवानगी काढायची, मग शिवसागर जलाशयातून बोटीनं तास-दीड तास. पलीकडे मेट इंदवलीला उतरलात की सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल सुरू होतं. 2010 साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून हा प्रकल्प झाला, म्हणजे तुमच्या शिराळ्याकडचं चांदोली आणि आमच्याकडचं कोयना एकाच राखीव रानाची दोन टोकं आहेत. मुक्कामाला परवानगी नाही. अंधार पडायच्या आत बोटीत बसलंच पाहिजे.

म्हणून माझं मुख्य सांगणं एकच: मागे फिरायची वेळ सकाळी बोटीतच ठरव आणि सगळ्यांना ऐकव. गडावरून उतरून नागेश्वरच्या फाट्यावर आलात की घड्याळ बघ. ठरलेली वेळ टळली असेल तर नागेश्वर सोडून द्यायचं. तिथे कुणीतरी म्हणणारच, ‘एवढं आलोय तर जाऊन येऊ.’ त्या वेळी मतं घेत बसू नकोस. नागेश्वरची वाट धारेवरून जाते. डाव्या-उजव्या हाताला झाडी दाट, मध्येच कारवी अंगावर येते आणि पुढचा माणूस दहा पावलांवर दिसेनासा होतो. धारेवर पाण्याचा भरवसा नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी पायथ्यापासूनच पाठीवर हवं. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेव आणि शेवटी तू राहा. दमलेला माणूस मागे पडला की तो कुणाला हाक मारत नाही, लाजतो. ते ओळखायला मागे तूच हवीस.

आता गडावरच्या बाबुकड्याविषयी. तिथून खाली कोकण दिसतं, समोर जुना वासोटा. 1818 मध्ये इंग्रजांनी त्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून तुम्ही चढणार तो किल्ला घेतला. प्रतिध्वनी ऐकायला पोरं त्या कड्यावर उभी राहून आरोळ्या ठोकतात. तुमच्यातल्या एकालाही ते करू देऊ नकोस. असल्या कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. कड्याकडे नीट बघ, खडकाला काळं पोळं चिकटल्यासारखं दिसेल, आणि मधूनच त्याच्यावरून लाट गेल्यासारखी चमक सरकेल. त्या सगळ्या माशाच. उग्र अत्तर, धूर, आरडाओरडा, यातलं काहीही त्यांना उठवायला पुरतं. त्या उठल्या तर कड्यावर पळायला जागा नाही. गाण्याचा स्पीकर तर बामणोलीतच गाडीत ठेवा.

गवा दिसला तर जागच्या जागी थांबा. फोटोसाठी एक पाऊलही पुढे नको. तो रस्ता सोडेपर्यंत वाट बघा, उशीर झाला तरी. झाडावर शेकरू दिसेल कदाचित, पण त्यासाठी मान वर करून चालू नका, वाट मुळ्यांची आहे.

वाटाड्या घ्याच. कोयनेचं धरण झालं तेव्हा या खोऱ्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली, आणि जंगल राखीव झाल्यावर आणखी वस्त्या उठल्या. तुमच्याबरोबर येणाऱ्या माणसाच्या आजोबांचं शेत त्या पाण्यात असू शकतं. वाटाड्याला ‘ए गाइड’ अशी हाक कुणी मारता कामा नये. दादा म्हणा, काका म्हणा, जेवताना आपल्यात बसवा. भाकरी-ठेचा त्यांच्या वाटणीचा धरूनच घे. ते ‘आता फिरा’ म्हणाले की फिरायचं, तुझी ठरलेली वेळ झाली नसली तरी.

प्लास्टिक रानात शिरताना मोजून लिहून घेतात. बिस्किटांचे पुडे घरीच फोडून डब्यात भर, मोजायला काही उरणार नाही.

नवे बूट घालून कुणी येत असेल तर आजपासून रोज घालून फिरायला सांग. बामणोलीला परत उतरलात आणि रेंज आली की आधी आईला फोन कर, मग मला.

तुझा,
मामा