पक्षी कोणाचा? : एका हंसाच्या रक्षणासाठी झालेले आंतरराष्ट्रीय सहकार्य

परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात बालक सिद्धार्थाची एक कथा आहे. देवदत्ताने बाण मारून पक्षी पाडला, सिद्धार्थाने त्याची शुश्रूषा केली, आणि पक्षी कोणाचा यावरून वाद झाला. परंपरा त्या पक्ष्याला हंस म्हणते. आपण ही कथा करुणेची म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. परंतु तिच्यातील एका तपशिलाकडे आपले दुर्लक्ष होते. हा वाद बळाने मिटला नाही. तो मध्यस्थाकडे गेला, मध्यस्थाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि सिद्धार्थाचे म्हणणे मान्य केले. म्हणजे ही न्यायनिवाड्याचीही कथा आहे.

आता असा एक हंस कल्पावा की जो एका देशात जन्मतो, दुसऱ्या देशात पिसे झाडतो, तिसऱ्यात विसावतो आणि चौथ्यात हिवाळा काढतो. त्याचा वाद कोणत्या मध्यस्थाकडे न्यायचा? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक राष्ट्रांना या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले.

तो हंस म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला ‘अँसर एरिथ्रोपस’ म्हणतात तो. कपाळावर पांढरा पट्टा, डोळ्याभोवती पिवळे कडे, वजन सुमारे दोन किलो. आपण त्याला लहान श्वेतभाल हंस म्हणू. भारतात तो क्वचितच भरकटत येतो. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड यांच्या उत्तर भागात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जातीचे दहा हजारांहून अधिक पक्षी होते. शतक संपता संपता तेथील रानटी पक्ष्यांच्या वीण करणाऱ्या जोड्या अगदी थोड्या उरल्या. रशियाच्या उत्तरेला त्यांचे भाऊबंद अजून हजारोंनी आहेत आणि त्यांतील बरेच चीनमधील तुंगतिंग सरोवरावर हिवाळा काढतात. पण घट तेथेही आहे.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी त्याचा प्रवास पाहावा लागतो. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, सामी या आदिम समाजाच्या प्रदेशात, पोर्सांगर खाडीच्या काठी वाल्डाक नावाची दलदल आहे. वसंतात हे हंस तेथे उतरतात, चरून अंगात बळ आणतात आणि मग जवळच्या माळांवर घरटी करतात. ज्या जोडप्यांची पिल्ले जगतात ती जोडपी पिल्लांसह तेथेच थांबतात आणि शरद ऋतूत हंगेरीतील होर्तोबाज येथील मत्स्यतळ्यांवरून ग्रीसला जातात. मात्र ज्यांची अंडी वा पिल्ले गेली, ती जोडपी उन्हाळ्यातच पूर्वेकडे उडतात, रशियाच्या ध्रुवीय किनाऱ्यावर पिसे झाडतात आणि ओब नदीचे खोरे, कझाकस्तान असा मोठा फेरा घेऊन ग्रीसला पोहोचतात. या वाटेवर शिकार फार होते. म्हणजे ज्याचे घरटे मोडले, त्याच्याच वाट्याला अधिक धोक्याची वाट येते. दूरसंवेदी यंत्रे पक्ष्यांच्या अंगावर बसवून हा मार्ग शोधला गेला नसता, तर नॉर्वेत कितीही पहारा ठेवला तरी हंस का कमी होतात याचा उलगडा झाला नसता.

शिकाऱ्याचीही एक अडचण आहे. याच हंसाचा थोरला भाऊबंद, मोठा श्वेतभाल हंस, संख्येने विपुल आहे आणि अनेक देशांत त्याची शिकार कायदेशीर आहे. दोघे एकाच थव्यात चरतात. पहाटेच्या धुक्यात उडणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्याभोवतीचे पिवळे कडे कोण पाहणार? कागदावर पूर्ण संरक्षण असलेला पक्षी असा चुकून मारला जातो.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांला येथे करारांची परंपरा महत्त्वाची वाटते. 1971 चा रामसर करार पाणथळ जागांचा; 1979 चा बॉन करार स्थलांतरित वन्यप्राण्यांचा; आणि त्याच्या छत्राखाली 1995 साली हेग येथे झालेला, 1999 पासून अमलात आलेला आफ्रिका-युरेशिया पाणपक्षी करार. सप्टेंबर 2008 मध्ये मादागास्करच्या राजधानीत या कराराच्या सदस्य देशांची बैठक भरली आणि लहान श्वेतभाल हंसासाठी स्वतंत्र कृती-आराखडा मंजूर झाला. हा हंस मादागास्करला कधीही जात नाही! ज्यांच्या आकाशात तो दिसतही नाही, अशा देशांच्या प्रतिनिधींनीही त्याच्यासाठी हात वर केला. रशिया मात्र या करारात सामील नाही, आणि हंसाची सर्वांत लांब वाट तर रशियातूनच जाते. तरीही रशियन अभ्यासक इतर देशांच्या अभ्यासकांबरोबर काम करीत राहिले, हे नोंदवले पाहिजे.

प्रत्यक्ष कामे अगदी साधी आहेत. एस्टोनियात किनाऱ्यावरची कुरणे गुरे चारून आणि गवत कापून मोकळी ठेवायची. होर्तोबाजची तळी हंसांच्या मुक्कामाच्या काळात योग्य पाणपातळीवर ठेवायची. ग्रीसमधील केर्किनी सरोवर आणि एव्रोस नदीचा त्रिभुज प्रदेश येथे हिवाळाभर पहारा ठेवायचा, शिकाऱ्यांशी बोलायचे.

नॉर्वेने 2008 पासून विणीच्या प्रदेशातील तांबड्या कोल्ह्यांची शिकार सुरू केली. घरटी वाचली तर पिल्ले जगतात, आणि पिल्ले जगली तर आईबाप पूर्वेच्या धोकादायक वाटेला जात नाहीत, असा त्यामागचा हिशेब. धम्माच्या उपासकाला येथे थबकावेसे वाटते. एक जीव वाचवण्यासाठी दुसरा मारायचा? मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी केलेला भेद आम्हांला येथे उपयोगी वाटतो. माणसाच्या वावराने कोल्हा उत्तरेकडे सरकला असेल, तर जबाबदारीही माणसाचीच. पण गरज खरोखर आहे का, हे दरवर्षी तपासले पाहिजे. अन्यथा गरजेची सवय होते. या देशांतील रानटी हंसांची घट पुढे थांबली आणि किंचित वाढही दिसली. त्यात कोल्ह्यांच्या शिकारीचा वाटा किती आणि ग्रीसमधील पहाऱ्याचा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

दुसरा मतभेद राष्ट्रांमधला होता. स्वीडनने 1981 पासून बंदिस्त जागी वाढवलेली पिल्ले दुसऱ्या जातीच्या, बार्नकल हंसांच्या, जोडप्यांकडे सोपवली. पिल्ले वाट आईबापांकडून शिकतात. दत्तक आईबापांनी त्यांना नेदरलँड्सची सुरक्षित वाट शिकवली. युक्ती विलक्षण होती. परंतु पुढे जनुकीय तपासणीत त्या बंदिस्त पक्ष्यांमध्ये मोठ्या श्वेतभाल हंसाचा अंश आढळला, आणि नॉर्वे व फिनलंड यांनी हरकत घेतली. ‘शुद्ध रक्त’ हा शब्द कानी पडताच आमच्यासारख्यांच्या कपाळावर आठी पडते, कारण माणसांच्या बाबतीत त्याने काय अनर्थ केला हे आपण भोगले आहे. पण येथील वाद प्रतिष्ठेचा नव्हता. हजारो वर्षांत घडलेली एक जात आणि तिची मूळ वाट टिकावी, हा होता. 2007 साली कराराच्या सचिवालयाने तिन्ही देशांत मध्यस्थी केली. स्वीडनने जुन्या संग्रहातील पक्षी सोडणे आधीच थांबवले होते. पुढे रशियातून आणलेल्या रानटी पक्ष्यांपासून नवा संग्रह तयार झाला.

भारत 1983 पासून बॉन कराराचा सदस्य आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये त्या कराराची परिषद गांधीनगरला भरली, आणि 2024 च्या समरकंद परिषदेत मध्य आशियाई उड्डाणमार्गाचे समन्वय केंद्र भारतात असावे असे ठरले. या मार्गाने आपल्याकडे येणारा हंस म्हणजे पट्टकादंब. हिमालय ओलांडून तो जायकवाडीला आणि नांदूर मधमेश्वरला उतरतो. दिवसा तो पाण्यावर विसावतो आणि रात्री काठच्या शेतांतील कोवळी पिके खातो. धरणाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसणारे बहुधा धरणग्रस्त किंवा भूमिहीन असतात. आपल्या अनेक विद्यार्थ्यांचे पालक त्यांत आहेत. नेदरलँड्समध्ये हंसांनी खाल्लेल्या गवताची आणि पिकाची भरपाई शेतकऱ्याला सरकारी निधीतून मिळते. समन्वय केंद्राच्या कामाला आकार येईल तेव्हा गाळपेरीतल्या हरभऱ्याचा हिशेबही तेथे मांडला जावा, अशी आमची मागणी आहे. हंसाला वाचवण्याचा खर्च ज्याच्याकडे सातबाराही नाही त्याने एकट्याने का सोसावा?