मोबाईलवर टिचक्या मारून डॉक्टर होतं का?

प्रश्न : माझा मुलगा किर्गिझस्तानातून एमबीबीएस करून आलाय. आता एफएमजीईसाठी सकाळी अभ्यासिकेत जातो तो रात्रीच घरी येतो. पण हातात पुस्तक म्हणून दिसत नाही, मोबाईलवर नुसते प्रश्न टिक करत बसलेला असतो. आमच्या वेळी आधी वाचायचो, मग प्रश्न सोडवायचो. चार पर्यायांवर टिचक्या मारून कोणी डॉक्टर होतं का?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, आधी या परीक्षेचा हिशेब बघा. परदेशात एमबीबीएस केलेल्यांना इथे डॉक्टरी करायची तर २००२ पासून ही चाळणी आहे, वर्षातून दोनदा. प्रश्न ३००. दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येकाला अडीच तास, म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट. पास व्हायला १५० लागतात आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. शंभर प्रश्न पक्के आले आणि उरलेले दोनशे डोळे झाकून टिक केले, तरी चारात एक या हिशेबाने पन्नास लागायला हवेत. झाले की दीडशे! तरीसुद्धा कित्येकदा पाचातला जेमतेम एकच पास होतो.

याचं कारण, डोळे झाकून कोणी टिक करत नाही. प्रत्येकाला थोडंथोडं येत असतं, आणि चुकीचे पर्याय या थोडंथोडं येणाऱ्यासाठीच रचलेले असतात.

एक उदाहरण घेऊ. फवारणी करून आलेला शेतकरी घामाने थबथबलेला, तोंडाला लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. औषध कोणतं? ॲट्रोपिन. ते किती द्यायचं, तर छातीतली घरघर थांबेपर्यंत. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत बसायचं नाही. आता दुसरा प्रश्न. लाल विंचू चावलेला मुलगा, घाम, लाळ, हातपाय गार, छाती भरत चाललेली. पर्यायांत पुन्हा ॲट्रोपिन बसलेलं असतं. पहिला प्रश्न पाठ केलेला पोरगा घाम आणि लाळ बघतो, ॲट्रोपिनवर टिक करतो आणि फसतो. इथे ॲट्रोपिनने नाडी आणखी पळते, हृदयावर ताण वाढतो. बरोबर उत्तर प्राझोसिन. आणि हे उत्तर आलंय कुठून? आपल्या रायगड जिल्ह्यातून! डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड-बिरवाडीकडे विंचूदंशाचे रुग्ण तपासून १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, पुढे प्राझोसिनचा वापर रुळवला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. किर्गिझस्तानच्या थंडीत शिकलेल्या मुलाला लाल विंचू कोण दाखवणार? त्याची गाठ बहुधा या प्रश्नातच पडते.

म्हणून खरा अभ्यास टिचकी मारल्यानंतर सुरू होतो. उरलेले तीन पर्याय का चुकले, आणि प्रश्नात काय बदललं असतं तर तेच बरोबर ठरले असते, हे शोधायला एका प्रश्नाला पाच-दहा मिनिटं सहज जातात. दिवसाला तीनशे प्रश्न उडवणाऱ्यांचं मला कौतुक नाही. 'आज किती झाले?' असं त्याला विचारू नका, 'आज कुठला चुकला?' असं विचारा. उत्तर सांगताना तो तुम्हाला समजेल असं बोलू शकला, तर गाडी रुळावर आहे.

आधी वाचन, मग प्रश्न, हा तुमचा क्रम काही चुकीचा नाही, पण वाचताना 'येतंय' असं वाटणं फार फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याचा प्रयोग केला. एकाच उताऱ्याची काहींनी उजळणी केली, काहींनी तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी उजळणीवाले पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. तेव्हा प्रश्न आधी सोडवावा, अडलं की त्या पानापुरतं पुस्तक उघडावं. पुस्तक अजिबातच उघडत नसेल, तर मात्र तुमची तक्रार रास्त आहे.

एका गोष्टीपासून त्याला जपा : 'रिकॉल'. ही प्रश्नपत्रिका अधिकृतपणे बाहेर येत नाही. परीक्षा देऊन आलेली मुलं आठवेल तसे प्रश्न सांगतात, त्यात पर्याय बदलतात, उत्तरंही ऐकीव असतात. विषयाचा अंदाज घेण्यापुरते ते ठीक, पाठ करण्याजोगे नाहीत.

आणि मुलं ज्याला हमखास कंटाळतात तो कम्युनिटी मेडिसिन विषय तीनशेत तीस गुणांचा आहे, मानसोपचाराच्या सहापट. लसीकरण, क्षयरोग कार्यक्रम, माता-बाल आरोग्य; सगळं इथलं, परदेशात न शिकवलेलं. शेजारच्या लेकुरवाळ्या सुनेकडून बाळाचं लसीकरण कार्ड तासाभरासाठी मागून आणा. बीसीजी जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर, पोलिओचे थेंब सहा, दहा, चौदा आठवड्यांना, गोवर-रुबेला नवव्या महिन्यात. कार्ड तुमच्या हातात ठेवा आणि प्रश्न तुम्हीच विचारा. त्याला पर्याय मात्र देऊ नका.