'पाटील' आले कोठून?

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील एखाद्या शाळेचा हजेरीपट पाहा. त्यात 'पाटील' हमखास सापडतील. हे सारे एकमेकांचे भाऊबंद असतील काय?

खानदेशच्या उत्तरेस माळवा आहे. तेथील परमार राजा भोज याच्या इ. स. १०२० च्या ताम्रपटात गावच्या रहिवाशांबरोबर 'पट्टकिल' यांनाही आज्ञा कळवली आहे. पट्ट म्हणजे सनद. पट्टकिल हा गावचा प्रमुख. पुढे प्राकृतात दोन स्वरांमधला 'क' गळाला आणि 'पट्टइल' झाले. मग जोडाक्षर सुटे होऊन मागचा स्वर लांबला. 'सप्त'चे 'सत्त' आणि पुढे 'सात' झाले ना, तसेच! मराठीत 'पाटील' आले, गुजरातीत 'पटेल'.

सारा गोळा करणे आणि गावचा बंदोबस्त ठेवणे ही पाटलाची कामे. हे वतन बापाकडून मुलाकडे जाई. त्यामुळे हुद्दाच आडनाव बनला. गावोगावी पाटील निरनिराळे, त्यांच्या जातीही निरनिराळ्या. मुलकी पाटलाचे पद महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. आडनाव मात्र राहिले.

स्कॉटलंडमधील 'मॅकिंटायर' या गेलिक आडनावाचा अर्थ 'सुताराचा मुलगा'. पण आजच्या प्रत्येक मॅकिंटायरच्या हाती करवत नसते!

तेव्हा आडनाव सारखे म्हणून रक्त एक, किंवा कोणी थोर-लहान, असे मानू नका. आडनाव सांगते ते पूर्वजांच्या कामाविषयी किंवा गावाविषयी. आता देशमुख, कुळकर्णी, नेरकर, एरंडोलकर यांतून हुद्दे आणि गावे वेगळी काढा पाहू!